अक्षरवळण, संगणकीय टंक आणि वापर-परवाना : मराठी संहितेच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

मराठी ग्रंथाचे मुखपृष्ठ उलटले की पुढील पानावर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, मुखपृष्ठकार आणि हक्कधारक यांच्या जोडीने ‘अक्षरजुळणी’ करणाऱ्याचे नाव आढळते. ही जुळणी कोणत्या अक्षरवळणात झाली आणि त्या वळणाचा वापर कोणत्या अटींवर करण्यात आला, याची नोंद मात्र क्वचितच असते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात अशी नोंद नसल्याने ग्रंथाचे काही बिघडत नव्हते. छापून झालेले पान वाचण्यासाठी वाचकाजवळ खिळे असण्याची गरज नव्हती. संगणकीय संहितेच्या बाबतीत मात्र ही परिस्थिती बदलली आहे. पडद्यावर संहिता उघडली जाते तेव्हा प्रत्येक वेळी ती नव्याने अक्षरांकित होत असते आणि त्यासाठी टंक त्या उपकरणावर किंवा त्या फाइलमध्ये उपलब्ध असावा लागतो. तो तेथे असू शकतो की नाही, हे तांत्रिक सोयीइतकेच वापर-परवान्यावर अवलंबून असते.

टंकाच्या परवान्याचा प्रश्न हा केवळ मुद्रकाचा किंवा संगणकतज्ज्ञाचा आहे, अशी समजूत साहित्याच्या अभ्यासकांत रूढ आहे. ती अपुरी आहे. संहितेचे जतन, तिचे पुनर्मुद्रण, तिच्यातील शब्दांचा शोध आणि तिचे पाठचिकित्सक संपादन या सर्वांवर या परवान्याचा परिणाम होतो. प्रस्तुत लेखात टंकाच्या परवान्याचे स्वरूप, अनेक उपकरणांवरील वापराच्या मर्यादा आणि मराठी संहितेवर झालेले त्यांचे परिणाम यांचे विवेचन केले आहे. येथे ‘अक्षरवळण’ ही संज्ञा अक्षरांच्या दृश्य आकृतिबंधासाठी आणि ‘टंक’ ही संज्ञा तो आकृतिबंध संगणकावर उमटवणाऱ्या फाइलसाठी, म्हणजेच ज्याला व्यवहारात ‘फाँट’ म्हटले जाते त्यासाठी, योजली आहे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

२. खिळ्यांची मालकी

जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागराचे देवनागरी खिळे सुबकतेसाठी नावाजले गेले आणि संस्कृत-मराठी ग्रंथांच्या छपाईत त्यांना मानाचे स्थान मिळाले. खिळ्यांचा व्यवहार कसा होता, हे येथे पाहण्यासारखे आहे. छापखानदार ओतशाळेतून खिळे वजनावर विकत घेत असे. पैसे चुकते झाले की खिळे त्याच्या मालकीचे होत. ते त्याने दुसऱ्या छापखान्याला उसने द्यावेत, विकावेत किंवा झिजल्यावर वितळवावेत, त्यावर ओतशाळेचा काही अधिकार उरत नसे. त्या खिळ्यांनी काय छापले, किती प्रती काढल्या, याच्याशीही ओतशाळेला कर्तव्य नव्हते.

ओतशाळेचे हित या व्यवहारात धातूच्या गुणधर्मांमुळेच राखले जात होते. एका फर्म्यात बसवलेले खिळे त्याच वेळी दुसऱ्या फर्म्यात वापरता येत नसत. दोन छापखान्यांना दोन संच घ्यावे लागत. खिळे झिजत, त्यामुळे काही वर्षांनी नवी खरेदी अटळ असे. हुबेहूब नक्कल करायची तर मातृका तयार करण्याचे कष्ट आणि खर्च होते. थोडक्यात, वापराला मर्यादा होत्या, पण त्या लिहून ठेवण्याची गरज नव्हती.

संगणकीय टंकाला यांपैकी एकही मर्यादा नाही. त्याची प्रत क्षणात होते, ती मूळ प्रतीइतकीच निर्दोष असते, ती झिजत नाही आणि एकाच वेळी हजार ठिकाणी राबू शकते. धातूने घातलेल्या मर्यादा नाहीशा झाल्यावर त्यांची जागा शब्दांनी घातलेल्या मर्यादांनी घेतली. या शब्दबद्ध मर्यादा म्हणजेच वापर-परवाना होय. म्हणून टंक ‘विकत घेतला’ असे बोलण्याची रीत असली, तरी वस्तुतः विकत घेतली जाते ती ठरावीक वापराची अनुज्ञा. टंकाची मालकी निर्मात्याकडेच राहते.

३. कायद्याच्या दृष्टीतील टंक

अक्षरवळण आणि टंक यांतील भेद कायद्यानेही मानलेला दिसतो. अमेरिकेत १९७८ साली ‘एल्ट्रा विरुद्ध रिंगर’ या खटल्यात अपील न्यायालयाने अक्षरवळणाला कॉपीराइटचे संरक्षण नाकारले. पुढे १९९८ साली ‘अडोबी विरुद्ध सदर्न सॉफ्टवेअर’ या खटल्यात टंकाची फाइल ही संगणकीय आज्ञावली म्हणून संरक्षणास पात्र ठरली. भारतात कॉपीराइट मंडळाने २००२ साली ‘आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या टंकाच्या प्रकरणात अक्षरवळणाची कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये मात्र ‘साहित्यकृती’ या संज्ञेच्या व्याख्येत संगणकीय आज्ञावलीचा समावेश आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर एक लक्षणीय चित्र उभे राहते. ‘अ’ या अक्षराचे डौलदार वळण कायद्याच्या लेखी कलाकृती ठरत नाही, परंतु ते वळण पडद्यावर उमटवणारी आज्ञावली ‘साहित्यकृती’ ठरू शकते. टंकनिर्माते आपला हक्क प्रामुख्याने या आज्ञावलीवर सांगतात आणि परवानाही तिचाच देतात.

याच अधिनियमातील कलम ५२ अन्वये आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला, ती ज्या हेतूने पुरवली गेली त्या हेतूसाठी, तसेच नाश वा हानी यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. संगणक नादुरुस्त होईल या भीतीने टंकाची प्रत सांभाळून ठेवणे आणि तीच प्रत सहकाऱ्याच्या संगणकावर चढवणे या दोन कृती दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचे कायदेशीर स्वरूप वेगळे आहे.

४. अनेक उपकरणे, अनेक अनुज्ञा

परवान्याची कलमे अमूर्तपणे मांडण्यापेक्षा एक कल्पित उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. एखाद्या विद्यापीठातील मराठी विभागाने एका अप्रकाशित बखरीचे संपादन हाती घेतले आहे, असे समजू. विभागातील संगणकासाठी एक दर्जेदार व्यावसायिक देवनागरी टंक घेण्यात आला आणि त्याचा परवाना पाच उपकरणांपुरता आहे. विभागातील संगणक, संपादकांचा घरचा संगणक, दोन साहाय्यकांचे लॅपटॉप असे मोजले की चार उपकरणे झाली. एथपर्यंत अडचण नाही. अर्थात परवाना संस्थेच्या नावावर आहे की संपादकाच्या व्यक्तिगत नावावर, हे पाहावे लागते. तो व्यक्तिगत असेल तर संपादकाच्या निवृत्तीनंतर विभागाजवळ फाइली राहतील, पण त्या त्याच टंकात उघडण्याचा अधिकार राहणार नाही. काही परवान्यांत उपकरणे न मोजता वापरकर्ते मोजले जातात. तेथे एकाच व्यक्तीने दोन उपकरणांवर टंक वापरला तरी गणना एकच होते.

पुढे हस्तलिखिताची जुळणी बाहेरच्या डीटीपी व्यावसायिकाकडे दिली जाते. टंक आपण घेतला आहे, तेव्हा तो जुळणीकाराला द्यायला हरकत नाही, असे येथे सर्रास गृहीत धरले जाते. सामान्यतः परवान्याला हे मान्य नसते. जुळणीकार ही वेगळी आस्थापना असल्याने त्याने आपला परवाना घेणे अपेक्षित असते. छापखान्यापुरता हा प्रश्न पीडीएफ फाइलने बऱ्याच अंशी सोडवला आहे. पीडीएफमध्ये टंकाचा वापरलेला तेवढाच भाग अंतर्भूत करता येतो, त्यामुळे मुद्रकाकडे मूळ टंक असण्याची गरज राहत नाही. तथापि अशा अंतर्भावालाही अनुज्ञा लागते. ओपनटाइप पद्धतीच्या टंकात यासाठी एक सांकेतिक नोंद असते. अंतर्भाव पूर्णतः मोकळा आहे, केवळ पाहण्या-छापण्यापुरता आहे, संपादनासह आहे की सर्वथा वर्ज्य आहे, हे तीवरून संगणकाला कळते. ही नोंद म्हणजे परवाना नव्हे. नोंदीत आणि परवान्याच्या मजकुरात विसंगती आढळल्यास मजकूर प्रमाण मानावा लागतो.

ग्रंथ छापून झाला आणि विभागाने तो संकेतस्थळावर ठेवायचे ठरवले, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. संकेतस्थळाच्या पानाबरोबर टंकाची फाइलही प्रत्येक वाचकाच्या उपकरणाकडे धाडली जाते. पाच उपकरणांची मर्यादा येथे निरर्थक होते. म्हणून संकेतस्थळासाठी निर्माते वेगळा परवाना देतात आणि त्याचे मूल्य पुष्कळदा पाने किती वेळा पाहिली गेली यावरून ठरते. ई-पुस्तकासाठी बहुधा दर शीर्षकामागे, तर मोबाइलवरील अॅपसाठी दर अॅपमागे स्वतंत्र अनुज्ञा घ्यावी लागते. वर्गणी-पद्धतीत काळाची मर्यादाही येते. वर्गणी थांबली की तयार झालेली पीडीएफ शाबूत राहते, पण टंक संगणकावरून निष्क्रिय होतो आणि दुसऱ्या आवृत्तीत एखादी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायची तरी वर्गणी पुन्हा भरावी लागते.

संगणकप्रणालीबरोबर आपोआप येणाऱ्या टंकांनाही हाच न्याय लागू आहे. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर जगभर पोहोचला. तो विनामूल्य आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो विंडोजच्या परवान्याचा भाग आहे. तो उचलून मोबाइलवर किंवा संकेतस्थळावर ठेवण्याची अनुज्ञा त्यात येत नाही. ‘मंगल’मध्ये लिहिलेला लेख अँड्रॉइड फोनवर ‘नोटो’ या, तर आयफोनवर ‘कोहिनूर देवनागरी’ या टंकात दिसतो, याचे एक कारण हेच आहे.

या उदाहरणावरून असे स्पष्ट होते, की परवान्यात उपकरणांची संख्या, वापराचा प्रकार, काळ, फेरफाराची मुभा आणि हस्तांतर या पाच गोष्टी पाहाव्या लागतात. यांपैकी फेरफाराची मुभा ही व्यापारी ग्राहकाला गौण वाटली, तरी संहितासंपादकासाठी ती कळीची आहे. तिचा विचार सहाव्या विभागात केला आहे.

५. टंकबद्ध संहिता

इंग्रजीसारख्या भाषेत टंकाचा परवाना संपला तर अक्षरांचे रूप बदलते, मजकूर वाचता येतोच. मराठीच्या बाबतीत सुमारे दोन दशके असे घडत नव्हते. याचे कारण संकेतनात आहे.

१९९० नंतरच्या काळात डीटीपी महाराष्ट्रात सर्वत्र पसरले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय लिपींची प्रमाण संकेतप्रणाली जाहीर केली होती. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु त्या काळची पानजुळणीची सॉफ्टवेअर रोमन लिपीपुरती घडवलेली होती. त्यांना देवनागरीचे नियम शिकवण्याऐवजी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवण्याचा मार्ग पत्करण्यात आला. एका टंकात २५६ जागा आणि त्यांत काना, वेलांट्या, अर्धी अक्षरे, रफार, जोडाक्षरे अशी सर्व मांडणी करायची, अशी ती पद्धत होती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणाल्यांनी ही मांडणी आपापल्या परीने केली. परिणामी एका प्रणालीतील ‘क’ची जागा दुसरीत भलत्याच अक्षराची असे.

याचा अर्थ असा, की संगणकात साठवलेला मजकूर मराठी नव्हताच. तो रोमन चिन्हांचा एक क्रम होता आणि विशिष्ट टंक चढवल्यावरच तो मराठी दिसत असे. टंक काढून घेतला की कादंबरीची जागा निरर्थक चिन्हे घेत. अशा स्थितीत टंकाचा परवाना हा अक्षरांच्या रूपाचा परवाना राहत नाही. तो संहिता वाचण्याचा परवाना होतो. काही प्रणाल्यांबरोबर संगणकाला जोडायचे ‘हार्डवेअर लॉक’ येत असे. ते हरवले वा बिघडले की लेखकाला स्वतःचा मजकूर दुरुस्त करणेही कठीण होई. कॉपीराइट लेखकाचा, पण किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही अवस्था होती.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या अवस्थेचे एक पूर्वोदाहरण परिचित आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपींची उकल होईपर्यंत प्राचीन मराठी गद्याचे हे भांडार पंथाबाहेरच्या अभ्यासकांना अज्ञात राहिले. अर्थात दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. महानुभावांची गुप्तता हेतुपूर्वक होती आणि तिची किल्ली पंथाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. टंकबद्ध संहितेची सांकेतिकता ही तांत्रिक अपरिहार्यता आणि व्यापारी सोय यांतून आली आणि तिची किल्ली सांभाळण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

या संहिता आज युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत. तथापि परिवर्तन यांत्रिकपणे निर्दोष होत नाही. जुन्या टंकांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी आणि ‘कर्म’ लिहिताना रफार ‘म’च्या नंतर येई. युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसारी असतो. या उलटापालटीत रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांच्या चुका राहतात आणि प्रत्येक संहितेचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. अशा टंकात तयार झालेल्या पीडीएफ फाइली डोळ्यांना निर्दोष मराठी दिसतात, पण त्यांत एखादा मराठी शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही. डिजिटल ग्रंथालयात ग्रंथ आहे, पण त्यातील शब्द नाहीत, असे या संग्रहाचे वर्णन करावे लागते. ज्या दशकांतील साहित्य प्रथमच संगणकावर जुळवले गेले, त्याच दशकांतील साहित्य संगणकीय शोधाला दुर्गम झाले आहे.

६. युनिकोडनंतर उरलेले प्रश्न

युनिकोडने संहिता आणि टंक यांची फारकत केली. मजकूर आता कोणत्याही युनिकोड टंकात मराठीच राहतो. त्यामुळे परवान्याचा प्रश्न संपला, असा समज होणे स्वाभाविक आहे. दोन बाबतींत तो प्रश्न शिल्लक आहे.

पहिली बाब अक्षररूपाची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयीच्या निर्णयात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली. युनिकोडमध्ये मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांना एकच संकेतांक आहे. वळण कोणते दिसेल, हे टंक ठरवतो. संपादकाने मराठी वळणाचा टंक योजला, पण त्याच्या अंतर्भावाची अनुज्ञा नसली, तर वाचकाच्या उपकरणावर जो टंक असेल त्यातील वळण उमटते. लिपीविषयक धोरणाची अंमलबजावणी अशा प्रकारे परवान्याच्या एका कलमावर येऊन ठेपते.

दुसरी बाब फेरफाराची. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वीच्या टंकांत हे अक्षर नव्हते आणि परवान्यात फेरफार निषिद्ध असल्यास वापरकर्त्याला ते घालून घेता येत नसे. पाठचिकित्सकाची गरज याहून मोठी असते. जुन्या पोथीतील एखादे जोडाक्षर, वैदिक स्वरचिन्हे, लिप्यंतरासाठी लागणारी रोमन चिन्हे यांची बाजारात मागणी नसते. ती टंकात असावीत तर ती घालण्याचा अधिकार हवा.

७. मुक्त परवान्याचा मार्ग

हा अधिकार देणारा सर्वांत प्रचलित परवाना म्हणजे ‘एसआयएल ओपन फाँट लायसन्स’ होय. त्याची विद्यमान १.१ ही आवृत्ती २००७ सालची आहे. या परवान्यात उपकरणे मोजली जात नाहीत. छपाई, संकेतस्थळ, ई-पुस्तक, अॅप असे प्रकारही वेगळे केले जात नाहीत. टंक वापरावा, वाटावा, बदलावा, सॉफ्टवेअरबरोबर विकावा, या सर्वांना मुभा आहे. अटी मोजक्याच आहेत. केवळ टंक स्वतंत्रपणे विकता येत नाही. परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. बदललेला टंक याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि मूळ निर्मात्याने नाव राखून ठेवले असल्यास बदललेल्या टंकाला दुसरे नाव द्यावे लागते. टंक वापरून तयार केलेल्या ग्रंथाला मात्र हा परवाना चिकटत नाही. ग्रंथाचे हक्क लेखकाकडेच राहतात.

या परवान्याचे फलित ‘शोभिका’ या टंकात पाहता येते. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिला. संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्यांसाठी लागणारी चिन्हे असलेला टंक मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांना हवा होता. त्यांनी ‘यशोमुद्रा’ची देवनागरी अक्षरे आणि दुसऱ्या मुक्त टंकाची रोमन अक्षरे यांच्या आधारे ‘शोभिका’ सिद्ध केला. मराठीसाठी घडलेला टंक अशा रीतीने संस्कृत पाठचिकित्सेच्या उपयोगी पडला. ‘टिरो देवनागरी मराठी’ हाही याच परवान्याखालील टंक असून त्याची मूळ घडण ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेच्या निमित्ताने झाली. मुंबईच्या ‘एकटाइप’चा ‘मुक्त’ हा टंकही याच वाटेने सर्वत्र पोहोचला.

यावरून व्यावसायिक परवाने अन्याय्य आहेत, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. चांगल्या देवनागरी टंकात शेकडो अक्षररूपे घडवावी लागतात, त्यांच्या जोडणीचे नियम लिहावे लागतात आणि या कामात वर्षे खर्ची पडतात. ज्यांनी मुक्त टंक दिले त्यांच्या श्रमांची भरपाईही कोठल्या तरी संस्थेने, उद्योगाने वा अनुदानाने केलेली असते. जाहिरात, नियतकालिक, मुखपृष्ठ अशा ठिकाणी खास टंकाचे मोल देणे रास्तच आहे. एकाच टंकाच्या प्रती दहा संगणकांवर उतरवून घेण्याची जी सवय आपल्याकडे रुजली, तिने देवनागरी टंकनिर्मितीला आधार दिलेला नाही. परंतु जी संहिता पन्नास वर्षांनंतरही वाचली जावी, शोधली जावी आणि दुरुस्त केली जावी अशी अपेक्षा आहे, तिच्यासाठी उपकरणांची संख्या मोजणारा परवाना अपुरा पडतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना निष्पन्न होतात. संपादित संहितेची मूळ प्रत युनिकोडमध्ये, टंकनिरपेक्ष स्वरूपात जतन करावी. जुळणीकाराशी करार करताना छापील प्रतीबरोबर ही संहिताही हस्तांतरित होईल, असे नमूद करावे. टंक संस्थेच्या नावावर घ्यावा आणि परवान्याचा मजकूर टंकाच्या फाइलीशेजारीच ठेवावा. जुन्या टंकबद्ध फाइली ज्यांच्याजवळ आहेत त्यांनी त्या ज्या टंकात व ज्या प्रणालीत तयार झाल्या, त्यांची नावे आताच लिहून ठेवावीत. परिवर्तनासाठी पुढे ती पहिली गरज ठरेल आणि ही माहिती असलेल्या जुळणीकारांची पिढी निवृत्तीला आली आहे.

ग्रंथाच्या मागील पानावर ‘अक्षरजुळणी’च्या खाली टंकाचे नाव, आवृत्ती आणि परवाना यांची एक ओळ घालण्यास काहीच खर्च येत नाही. हस्तलिखिताचे वर्णन करताना कागद, शाई, लिपी आणि लेखक यांची नोंद घेण्याची शिस्त मराठी संशोधनाने अंगी बाणवली आहे. संगणकीय संहितेच्या बाबतीत ही ओळ म्हणजे त्याच शिस्तीचा पुढचा भाग ठरेल.